परतीचा दोर

मराठी भाषेने दोर कापण्याला फार मोठा मान दिला आहे. सिंहगडावर तानाजी पडला, मावळे माघारी फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने 'परतीचे दोर मी कापून टाकले आहेत' असे त्यांना बजावले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांतून सांगितली जाते. त्या कथेतून निघालेला वाक्प्रचार निर्धाराचा पर्यायच होऊन बसला आहे. रणांगणापुरते ते यथार्थ आहे. परंतु पोटासाठी उंचावर चढणारा माणूस रणांगणावर गेलेला नसतो. त्याला संध्याकाळी घरी जेवायला जायचे असते. त्याचे शौर्य चढण्यात जेवढे, त्याहून अधिक सुखरूप उतरण्यात आहे. अशा माणसाच्या परतीच्या दोराविषयी आज चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले आहे.

या विषयाचे शास्त्र आज फार बारकाईने जोपासले गेले आहे ते एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे अमेरिकेतील धनुर्धारी शिकाऱ्यांमध्ये. तेथे शरद ऋतूत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायद्याने ठरवून दिलेल्या हंगामात करतात. हरणाची दृष्टी व घ्राणेंद्रिय चुकविण्यासाठी शिकारी जमिनीपासून पाच-सहा मीटर उंच झाडावर बसतो. त्यासाठी खोडाला आवळून बांधता येईल असे लहानसे लोखंडी मचाण वापरण्याची पद्धत रूढ आहे. शिकाऱ्याला भय असेल तर ते गोळीचे किंवा श्वापदाचे, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात मचाणावरून पडणे हे तेथील शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक प्रमुख कारण ठरले आहे.

गेल्या काही दशकांत तेथे दुसरी एक पद्धत पुढे आली. तिला ते 'खोगीर-शिकार' म्हणतात. हे खोगीर घोड्याच्या पाठीवर नव्हे, शिकाऱ्याच्या कमरेखाली असते. मजबूत पट्ट्यांची व कापडाची एक झोळी कमरेला व मांड्यांना बांधायची, ती दोराने खोडाला अडकवायची, खोडाकडे तोंड करून पाय एका छोट्या पायफळीवर टेकायचे आणि मागे रेलून बसायचे, असा हा प्रकार आहे. मचाणावर माणूस मचाणाच्या भरवशावर बसतो आणि दोर हा जास्तीचा बंदोबस्त असतो. खोगिरात बसणारा प्रथमपासूनच दोराच्या भरवशावर असतो. म्हणूनच दोराविषयीचा त्याचा विचार आपल्याला ऐकण्याजोगा आहे. शिकारीशी आपल्याला कर्तव्य नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला बंदीच आहे. आपण त्या शिकाऱ्याकडून केवळ त्याचा दोर मागून घेऊ.

एक सेकंदाचा हिशेब

पाच मीटर उंचीवरून सुटलेला माणूस जमिनीवर पोहोचण्यास सुमारे एक सेकंद लागतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर झालेला असतो. पंधरा मीटरांच्या माडावरून तोच वेग ताशी ६० किलोमीटरांच्या वर जातो. 'तोल गेला तर फांदी धरीन' असे म्हणणाऱ्याजवळ त्यासाठी वेळच उरत नाही. यावरून पहिला नियम निघतो: वाचविणारा दोर पडण्यापूर्वीच बांधलेला असला पाहिजे. शिकाऱ्यांचे सूत्र असे आहे की, जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा जमिनीला पाय लागेपर्यंत एक क्षणही दोराविना जाता कामा नये.

हे साधण्यासाठी ते दोन दोर वापरतात. पहिला चढतानाचा. विजेच्या खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा पट्टा आपण पाहिला असेल. तसाच हा दोर खोडाभोवती फिरवून त्याची दोन्ही टोके कमरेच्या दोन बाजूंच्या कड्यांत अडकवितात. माणूस एकेक पायरी वर जातो, तसतसा तो दोर वर सरकवितो. वाटेत फांदी आडवी आली, तर फांदीच्या वरून दुसरा दोर आधी बांधायचा आणि मगच खालचा सोडायचा. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही.

दुसरा दोर बसण्याच्या जागेचा. त्याला आपल्या भाषेत अगदी चपखल शब्द आहे, तो म्हणजे दावे. गोठ्यातील दावे जनावराला दूर जाऊ देत नाही, हे दावे माणसाला खाली जाऊ देत नाही. ते खोडाभोवती साधारण डोक्याच्या उंचीवर घालतात. एका टोकाच्या फासातून दुसरे टोक ओवून घेतले म्हणजे भार पडताच ते खोडाला अधिकच आवळून बसते. मोकळ्या टोकाला एक जाड गाठ मारून ठेवितात, म्हणजे त्यावरील सरकती गाठ निसटून बाहेर पडत नाही. मग हळूहळू आपला भार दाव्यावर टाकून पाहावयाचा, आणि ते पक्के बसल्याची खात्री झाली म्हणजेच चढतानाचा दोर सोडावयाचा. उतरताना हाच क्रम उलट्या बाजूने. धनुष्य कोणी खांद्यावर घेऊन चढत नाही. ते खाली ठेवून वेगळ्या बारीक दोरीने मागाहून वर ओढून घेतात. चढताना दोन्ही हात मोकळे असावेत, हा त्यातील हेतू.

संगीतशिक्षकाची गाठ

दाव्याची लांबी कमी-जास्त करण्यासाठी जी गाठ वापरतात, तिचा जन्म डोंगरात झाला. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली ती प्रसिद्ध केली. हे गृहस्थ व्यवसायाने संगीताचे शिक्षक होते. सह्याद्रीतील कडे चढणारी आपली तरुण मुले तिला आजही 'प्रुसिक' म्हणूनच ओळखतात. जाड दोराभोवती बारीक दोरीच्या वळ्याचे तीन वेढे घालावयाचे, एवढीच तिची रचना. भार नसताना ती हाताने सहज वरखाली सरकते. भार पडला की वेढे आवळतात आणि गाठ जागीच घट्ट रुतते.

मात्र तिचेही काही नियम आहेत. वेढ्यांची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक असावी, नाहीतर पकड नीट बसत नाही. दोर ओला, चिखलाने माखलेला किंवा गोठलेला असेल, तर पकड ढिली पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, तोल गेला असता माणूस घाबरून जे हाती येईल ते घट्ट धरतो. ते जर नेमकी प्रुसिक गाठच असेल, तर मुठीच्या ओढीने ती मोकळी राहते आणि दोरावरून घसरत जाते. म्हणून गाठ हाताळावयाची ती भार पायांवर असतानाच; एरवी तिला हात लावू नये.

ढील

या शास्त्रातील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ढील. दोर बांधलेला आहे, मग हातभर ढिला असला म्हणून काय बिघडले, असे कोणासही वाटेल. हिशेब करून पाहू. माणसाचे वजन ७० किलो, दोराला ढील ६० सेंटीमीटर. त्या ढिलाइतका तो मोकळा पडला आणि नंतर दोराने त्याला १० सेंटीमीटरांत थांबविले, तर त्या क्षणी दोरावर व देहावर येणारी ओढ सरासरी त्याच्या वजनाच्या सातपट, म्हणजे सुमारे ४९० किलोंच्या भाराइतकी होते. खोगिरात वापरला जाणारा दोर फारसा ताणला न जाणारा असतो, म्हणून हा हिसका शरीरालाच सोसावा लागतो. केवळ कमरेला बांधलेला दोर असेल, तर देह मध्येच दुमडून पाठीचा कणा व पोटातील अवयव दुखावतात. यास्तव दावे नेहमी कमरेच्या वर व ताठ ठेवितात, आणि ज्या उंचीवर ते बांधले आहे तिच्या वर माणूस चढत नाही.

दोराने पडणे थांबविले, तरी काम संपत नाही. पट्ट्यांत निश्चल लोंबकळत राहिलेल्या माणसाचे रक्त पायांत साचू लागते आणि काही मिनिटांतच त्याची शुद्ध हरपण्याचा संभव असतो. त्यासाठी पाय टेकावयास दोरीचे एक वळे जवळ ठेवावे, पाय सतत हलवीत राहावे, आणि खाली मदतीला कोणीतरी असावे. एकट्यानेच जावयाचे झाल्यास कोठे जात आहोत व केव्हा परतू हे घरी सांगून जावे. हेही त्या शिकाऱ्यांच्या शिस्तीत बसते.

आपल्या दारचे झाड

आता आपल्या अंगणाकडे येऊ. गोव्यातील ज्या घरांसमोर माड उभे आहेत, त्यांना पाडेली आणि रेंदेर यांचा परिचय करून देण्याचे कारण नाही. पायात दोरीचे वळे अडकवून, किंवा खोडावर कोरलेल्या खाचांवर पाय ठेवून, हे लोक पंधरा-वीस मीटर उंच जातात. पायातले ते वळे मोठ्या उपयोगाचे खरे. परंतु ते चढविणारे आहे, वाचविणारे नव्हे. हात सुटला की त्याचा उपयोग संपला. चढविणारा दोर वेगळा आणि वाचविणारा दोर वेगळा, हा भेद आपल्याकडे पुष्कळदा ध्यानात येत नाही. सगळ्या लेखाचे सार विचाराल, तर ते एवढेच आहे.

पोफळीच्या बागेत तर कुशल गडी एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरे झाड पकडतो. पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. पण दुसऱ्या झाडाचे दावे बांधल्यावाचून पहिल्याचे सोडावयाचे नाही, या नियमात तो झोका बसत नाही. तो टाळून पुन्हा खाली उतरणे वेळखाऊ असले तरी तेच शहाणपणाचे.

हैदराबादकडील आमच्या वाचकांना तेलंगणातील ताडी काढणारे ठाऊक असतील. त्यांचा 'मोकू' हा झाडाभोवती व स्वतःभोवती घेतलेला जाड दोर म्हणजे लाइनमनच्या पट्ट्याचा जुना भाऊबंदच होय. तरीही ताडावरून पडून मृत्यू होतच राहिले. अखेर जुलै २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने 'काटमय्या' या त्यांच्या दैवताच्या नावाने दोर व पट्ट्यांचे सुरक्षा-संच वाटण्यास आरंभ केला. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना चढण्याच्या यंत्राचे शिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेतला, तोही याच दिशेने टाकलेले पाऊल होते. ही दिशा योग्य आहे. उरतो प्रश्न आपल्या घराचा.

माड किंवा ताड यांना मध्ये फांद्या नसतात. त्यामुळे कमरेभोवतीचा दोर तळापासून शेंड्यापर्यंत न सोडता सरकविता येतो, हा मोठाच लाभ. शेंड्याला पोहोचल्यावर दावे खोडालाच घालावे. झावळीच्या देठाला किंवा घडाला ते कदापि बांधू नये, कारण पिकली झावळ केव्हा निखळेल याचा नेम नाही. कमरेच्या साध्या पट्ट्याऐवजी खांदे व मांड्या यांतून जाणारा पूर्ण अंगाचा पट्टा घ्यावा. असे पट्टे बांधकामाच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. त्यावर भारतीय मानक ३५२१ हा क्रमांक पाहून घ्यावा. विहिरीचा जुना काथ्याचा दोर या कामी मुळीच घेऊ नये. तो बाहेरून धड दिसला तरी आतून कुजलेला असू शकतो. नायलॉनचा दोरही उन्हात पडून राहिल्यास क्षीण होतो. वापरण्यापूर्वी तो हातातून पूर्ण फिरवून पाहावा. कोठे चिरलेला, कडक झालेला किंवा चपटा पडलेला आढळल्यास तो बिनदिक्कत बाद करावा. ज्या दोराने एकदा पडणारा माणूस झेलला, तो पुन्हा वापरू नये. गाठींचा सराव जमिनीपासून हातभर उंचीवर आणि जाणत्या माणसाकडून शिकून करावा. हा लेख वाचून कोणी थेट झाडावर चढू नये, हे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

'आमच्या बापजाद्यांनी कधी दोर बांधला नाही' असे उत्तर पाडेल्याकडून मिळेल, आणि ते अभिमानाचे असल्याने त्याचा अनादर करू नये. पण बापजाद्यांपैकी कितीजण झाडावरून पडले, याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिलेला नाही. ते घर मात्र तो विसरलेले नसते. पट्टा व दोर विकत घेणे रोजंदारीवरील माणसाला जड जाते. ज्याच्या झाडाचे नारळ आहेत, त्याने तो खर्च उचलावा, किंवा वाड्यातील चार-सहा घरांनी मिळून एक संच घेऊन ठेवावा. वर चढणाऱ्याला तो बोजा वाटू नये म्हणून त्या वेळाचीही मजुरी द्यावी.

पुढल्या पाडपाच्या दिवशी गडी दारात येईल, तेव्हा आपण नेहमीप्रमाणे झाडामागे किती घेणार हे विचारूच. त्याआधी एक प्रश्न विचारावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे: "दोर आणला आहेस ना, की आमचा देऊ?"