पाण्याशी झुंजू नका

दिवाळीच्या तोंडावर कुरवंड्यातला एक तरुण दवाखान्यात आला. हातात छापील फॉर्म. "डॉक्टरकाका, एवढी सही द्या. मालवणला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करायचाय." दम्याच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे 'होय' लिहिले होते. मी विचारले, "पाण्याखाली ओढ लागली तर काय करशील?" तो हसला. "इंद्रायणीच्या पुरात पोहलोय, काका. जोरात हात मारायचे!"

वाचकहो, दम्याइतकीच मला या उत्तराची काळजी वाटली. मी काही पाणबुड्या नव्हे. पण श्वास हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, आणि पाण्याखाली प्रवाहाशी झुंजणाऱ्याचा घात बहुधा श्वासच करतो.

एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. वाचताना किरकोळ वाटते. पण अशा प्रवाहात माणूस दहा मिनिटांत तीनशे मीटर वाहून जातो. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा विरोध चौपट होतो. त्याविरुद्ध पाय मारत राहिले की रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साठू लागतो. खोलवर श्वासातली हवा दाट झालेली असते, त्यामुळे धाप लागलेल्याचा श्वास उथळ होतो आणि हा वायू आणखी साठतो. नळकांड्यात हवा असूनही जीव गुदमरतो. घाबरलेला माणूस मग तोंडातली नळी काढतो किंवा श्वास कोंडून वर झेपावतो. दहा मीटर खोलीवर छातीत घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट फुगते. ती बाहेर पडली नाही तर फुप्फुस फाटू शकते, हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूत जाऊ शकतो. दम्याच्या रोग्यात ही हवा आकसलेल्या नळ्यांमागे अडकण्याचा धोका अधिक.

ओढ ओळखावी कशी?

उतरण्यापूर्वी होडीच्या नांगराचा दोर पाहावा. तो ताणून तिरपा गेला असेल तर खाली पाणी चालते आहे. पाण्याखाली शेवाळ एकाच दिशेला झुकते, मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहतात, आपले बुडबुडे सरळ वर न जाता तिरके जातात. आपण पाय मारतो आहोत आणि शेजारचा खडक मागे पडत नाही, हीही खूणच.

कोकणातला कोळी तिथी पाहतो, तेही विनाकारण नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, भरती-ओहोटीची ओढ वाढते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी त्या मानाने शांत. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येभोवती येते! देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा मुखाशी ओहोटीच्या वेळी समुद्राकडे जाणारी ओढ विशेष सांभाळावी.

सापडल्यास काय करावे?

सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध, सावकाश करावी. म्हणजे दमल्यावर परतताना प्रवाह साथ देतो. तळाजवळ राहावे, खडकांच्या घर्षणाने तिथे वेग बहुधा कमी असतो. धाप लागताच थांबावे. प्रवाळ सोडून उघडा खडक धरावा, दीर्घ श्वास सोडावेत आणि शिक्षकाला खूण करावी. जमत नसेल तर शिक्षकाबरोबर, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा कमी वेगाने, श्वास न कोंडता वर यावे. वर आल्यावर जॅकेटमध्ये हवा भरावी, शिट्टी वाजवावी आणि होडीची वाट पाहावी. किनारा दिसतो म्हणून पोहत सुटू नये.

एक मात्र बजावून सांगतो. हे शहाणपण हवेचे नळकांडे पाठीवर असलेल्या, शिक्षकासोबतच्या माणसासाठी आहे. आपल्याकडच्या ओढ्या-धबधब्यांत थांबून श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण डोळ्यांदेखत वाहून गेले. त्या पाण्याला उपाय एकच: पावसाळ्यात उतरायचेच नाही.

त्या तरुणाला मी सही न देता छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवले. फुप्फुसांची तपासणी झाली, कित्येक वर्षांत दम्याचा त्रास नाही हे पाहून तज्ज्ञांनी परवानगी दिली. बेत त्याने अष्टमीपर्यंत पुढे ढकलला. परवा सांगायला आला, "काका, एकदा ओढ लागली. खडक धरला आणि नुसता श्वास मोजत बसलो. सर आले, दोघे वर आलो. बाकी काहीच केलं नाही."

मी म्हटले, "बाबा रे, तेच तर करायचं होतं."