समुद्रकाठचा ‘सर्वसमावेशक’ मुक्काम : एक जमाखर्च

नंदुरबारच्या बाजारातील लाल मिरचीची आवक ओसरली, पथाऱ्यांवरचा माल उचलला गेला आणि मार्चअखेरच्या वह्या मिटल्या, की व्यापारी घरांमध्ये एक प्रश्न उभा राहतो : मुलांच्या सुट्टीत यंदा जायचे कोठे? पूर्वी उत्तर ठरलेले असे. पालिताणा, शंखेश्वर, नाकोडा. वेळ थोडा असेल तर साक्री तालुक्यातील बळसाणे. धर्मशाळेत खोली, भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी ताट, उकळलेल्या पाण्याची सोय आणि परत निघताना यथाशक्ती रकमेची पावती. आता मुले समुद्र मागतात. तोही नुसता समुद्र नव्हे. पोहण्याचा तलाव, खेळण्याची खोली आणि हवे तेव्हा हवे ते खाण्याची मुभा असलेला समुद्रकाठचा रिसॉर्ट.

यात नवल काही नाही. मुलताईहून निघालेली तापी नंदुरबार जिल्ह्यातून पुढे जाऊन सुरतेजवळ खंभातच्या आखाताला मिळते, आणि रेल्वेही नंदुरबारकरांना सुरतेलाच नेऊन पोहोचवते. शिवाय समुद्र जैन घरांना कधी परका नव्हता. चैत्र आणि आश्विनातील ओळीत वाचल्या जाणाऱ्या श्रीपाळ-मयणासुंदरीच्या कथेत धवल शेठची जहाजे भरूचच्या बंदरात अडकतात, आणि तेथूनच श्रीपाळाचा समुद्रप्रवास सुरू होतो. मात्र सुरतेकडचे डुमस आणि वलसाडकडचे तिथल हे दोन्ही किनारे काळ्या वाळूचे. मुलांच्या डोळ्यांसमोरचे चित्र पांढऱ्या वाळूचे असते. म्हणून गाडी बदलून कोकण रेल्वेने मडगाव गाठायचे आणि दक्षिण गोव्यातील वार्का, कावेलोसी या पट्ट्यात उतरायचे, असा बेत ठरतो. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात येते : ‘ऑल इन्क्लुझिव्ह’. राहणे, खाणे, पिणे, खेळणे, सगळे एकाच रकमेत.

व्यापाऱ्याला ठोक भाव आवडतो. परंतु ठोक भावाने माल घेताना गठ्ठ्यात काय काय बांधले आहे ते तो उघडून पाहतो. येथेही तेच करावे.

या पद्धतीचा इतिहास उद्बोधक आहे. १९५० मध्ये जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर, आल्कुदिया येथे तंबूंची एक वसाहत उभारली. हीच पुढे जगभर पसरलेल्या क्लब मेडची सुरुवात. दुसऱ्या महायुद्धाने शिणलेल्या लोकांना थोड्या पैशांत समुद्र, खेळ आणि पंगतीचे जेवण मिळावे, हा हेतू. पुढे या क्लबच्या वसाहतींत नाण्यांऐवजी मण्यांच्या माळा चालू लागल्या. जेवण मूळ रकमेत होते. बारमधील पेये घ्यावयाची तर माळेतील मणी मोडावे लागत. म्हणजे प्रारंभी ‘सर्व’ या शब्दात बारमधील पेये नव्हती. पुढे जमैकातील रिसॉर्टांनी, विशेषतः १९८१ मध्ये सुरू झालेल्या सँडल्सने, पेयेही ठोक रकमेत आणली, आणि तोच नमुना जगभर रुजला. आज कोणी ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणतो तेव्हा त्या किमतीत मद्याचा हिस्सा धरलेलाच असतो. न पिणारा मनुष्य पिणाऱ्याचे बिल भरतो, इतका तो सरळ हिशेब आहे.

हॉटेल व्यवसायात मुक्कामाचे प्रकार संक्षेपाने सांगितले जातात आणि ते ठाऊक असणे उपयोगाचे. ‘ईपी’ म्हणजे केवळ खोली. ‘सीपी’ म्हणजे खोली व न्याहारी. ‘एमएपी’मध्ये न्याहारीबरोबर एक जेवण येते, ‘एपी’मध्ये दोन्ही जेवणे. ‘एआय’ म्हणजे ज्याची जाहिरात होते ते सर्वसमावेशक. निर्व्यसनी कुटुंबाने ‘एआय’चा भाव ऐकल्यावर लगेच ‘एपी’चा भाव विचारावा. पुष्कळदा तो छापील पत्रकात नसतो, विचारणाऱ्यालाच सांगितला जातो. आणि ‘एमएपी’ घ्यायचे ठरल्यास समाविष्ट जेवण रात्रीऐवजी दुपारचे मिळेल का, हे विचारून घ्यावे.

कारण खरी अडचण रात्रीच्या जेवणाचीच आहे. रिसॉर्टातील संध्याकाळची मेजवानी साधारणतः साडेसातच्या पुढे मांडली जाते. गोव्यात मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहानंतर थोड्याच वेळात. चौविहार करणाऱ्या आजी-आजोबांच्या दृष्टीने त्या मेजवानीचे मूल्य शून्य आहे. किंमत मात्र पूर्ण भरलेली असते.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. कोरीट येथे दुकान असलेले दहा जणांचे एकत्र कुटुंब आहे असे समजा : आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडे. खोल्या तीन, रात्री तीन. न्याहारीसह खोलीचा भाव दररोज ७,००० रुपये आणि सर्वसमावेशक भाव १३,००० रुपये. वरवर फरक सहा हजारांचा. परंतु येथे वस्तू व सेवा कर मध्ये येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के कर आहे. खोली आणि जेवण एकाच रकमेत बांधले की सामान्यतः सगळ्या रकमेला खोलीचाच दर लागू होतो. म्हणजे पहिल्या पर्यायात कर ३५० रुपये, दुसऱ्यात २,३४०. फरक सहा हजारांवरून ७,९९० रुपयांवर गेला. तीन खोल्या, तीन रात्री, एकूण ७१,९१० रुपये. याउलट दुपारचे आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण वेगळे घेतले, माणशी प्रत्येक वेळी ६०० रुपये धरले आणि त्यावर ५ टक्के कर लावला, तर तीन दिवसांचे ३७,८०० होतात. चौतीस हजारांहून अधिक रक्कम वाचली. ज्या हॉटेलात खोल्यांचे भाव साडेसात हजारांच्या वर जातात तेथे उपाहारगृहाच्या बिलावरही १८ टक्के लागू शकतात, म्हणून कर कसा लावणार हे आधी विचारलेले बरे. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे, त्यावर राज्याचा कर निराळा. ठोक रकमेत ते कसे दाखवतात हाही विचारण्यासारखा प्रश्न.

या हिशेबावर विषय मिटला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण वहीत न दिसणारी एक बाजू आहे आणि तिचे पारडे हलके नाही.

एकत्र कुटुंबात गल्ल्याची किल्ली एकाकडे असते. त्यात दोष नाही. धंदा तसाच चालतो. मात्र प्रवासात याचा अर्थ असा होतो, की प्रत्येक आइस्क्रीमसाठी, प्रत्येक शहाळ्यासाठी, नातवाच्या नावेतील फेरीसाठी कोणाला तरी बाबूजींकडे पाहावे लागते. मुलगा सहज मागतो. सून मागत नाही. ती म्हणते, “मला नको, आताच तर खाल्ले.” चार दिवसांत हे वाक्य किती वेळा उच्चारले गेले याची नोंद कोठेच होत नाही. सर्वसमावेशक मुक्कामात मनगटावर बांधलेली रंगीत पट्टी आजोबांच्या हातावर असते तशीच धाकट्या सुनेच्या हातावरही असते. तिला कोणाकडे पाहावे लागत नाही. आजोबांनाही प्रत्येक बिलाचा कागद उलटसुलट पाहण्याचे श्रम उरत नाहीत, आणि मुलांना ‘नाही’ म्हणण्याचा वाईटपणा घ्यावा लागत नाही. चौतीस हजार या मोकळेपणाचे असतील, तर ते महाग आहेत असे सरसकट म्हणता येणार नाही.

परंतु मग तो मोकळेपणा प्रत्यक्षात मिळतो का, हे पाहिले पाहिजे. जैन कुटुंबाच्या सामानात एक पेटी ठरलेली असते : खाखरे, ठेपले, मेथीच्या पुऱ्या, सुक्या चटण्या, पाणी उकळण्याची विजेची किटली. ही पेटी भरते कोण? सून. निघण्यापूर्वी दोन दिवस ती तळण्या-भाजण्यात असते. रिसॉर्टमध्ये सगळे पाण्यात खेळत असताना साडेपाचला खोलीवर परतून सासूबाईंच्या ताटाची जुळवाजुळव तीच करते. म्हणजे सुट्टीचे पूर्ण पैसे मोजूनही तिचा स्वयंपाक सुटत नाही, फक्त जागा बदलते. ठोक रक्कम भरून हीच स्थिती राहणार असेल, तर तो सौदा खरोखर खोटा आहे.

तो खरा करता येतो. चांगल्या रिसॉर्टच्या मुख्य आचाऱ्याला आधी नीट सांगितले तर तो ऐकतो, कारण दहा जणांचे गिऱ्हाईक त्यालाही हवे असते. सांगणे मात्र लेखी असावे आणि आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी असावे. ‘जैन जेवण मिळेल ना?’ एवढे विचारून भागत नाही, कारण उत्तर नेहमी ‘मिळेल’ असेच येते आणि त्याचा अर्थ बहुधा कांदा-लसूण वगळणे इतकाच असतो. बटाटा, गाजर, बीट, मुळा, आले, सुरण ही नावे लिहून द्यावीत. वेष्टनावरील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे, कंदमूळ नसल्याची नव्हे. केकमध्ये अंडे, थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन आणि काही परदेशी चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. वाढपाच्या ओळीत एकाच चिमट्याने दोन भांड्यांतले पदार्थ उचलले जातात, म्हणून कुटुंबाचे ताट स्वयंपाकघरातूनच वेगळे यावे असा आग्रह धरावा. वडीलधाऱ्यांचे जेवण पावणेसहाला टेबलावर हवे, हेही लिहावे. पाण्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे : उन्हाळ्यात उकळलेल्या पाण्याचा काळ पाच प्रहरांचा मानतात, तेव्हा सकाळी स्वयंपाकघरातून एकदा कळशीभर पाणी उकळून आले की दिवस निघतो.

इतके सगळे मान्य करणारे पत्र आले, तर ती पेटी निम्म्याने हलकी करावी आणि सर्वसमावेशक दर, मद्य वगळून घासाघीस करीत, खुशाल द्यावा. पत्र आले नाही, अथवा ‘आल्यावर पाहू’ असे उत्तर आले, तर न्याहारीसह खोली घ्यावी आणि वाचलेल्या रकमेतील ठरावीक रोकड प्रवासाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक सुनेच्या हाती द्यावी, हिशेब न मागता. मनगटावरील पट्टीचे काम ती रोकड करते.

काही कुटुंबे तिसरा मार्ग धरतात. तीन-चार घरे मिळून स्वतःचा महाराज बरोबर नेतात आणि स्वयंपाकघर असलेला बंगला भाड्याने घेतात. सोवळ्या-ओवळ्याच्या दृष्टीने हा उत्तम. पण महाराजाला भाजी, दूध, गॅस पुरविण्याचे काम पुन्हा कोणाकडे जाते, ते सांगायला नको. गणपतीपुळे किंवा तारकर्ली येथे राज्य पर्यटन महामंडळाचे निवास अगदी किनाऱ्यालगत आहेत. ते सर्वसमावेशक नाहीत, थाटही बेताचा. पण ज्यांना समुद्रच पाहायचा आहे त्यांना तेथे उणे काही वाटू नये.

राहता राहिली तारीख. चातुर्मास संपल्यावर कार्तिक पौर्णिमेपासून नाताळापूर्वीपर्यंतचा काळ हवेला सर्वांत सुखद. पण तेव्हा नंदुरबारात मिरचीचा हंगाम सुरू असतो आणि दुकान सोडून निघणे शक्य नसते. नाताळ ते नववर्ष हे दिवस भावाच्या दृष्टीने टाळावेत. जूनपासून समुद्र खवळतो, किनाऱ्यावर लाल निशाणे लागतात आणि मुलांना पाण्यात उतरता येत नाही. उरतो तो मे. अक्षय्य तृतीयेची वर्षीतपाची पारणी आटोपली आणि जवळची लग्ने उरकली, की महिन्याच्या मध्यावर पाच-सहा दिवस मोकळे सापडतात. त्या वेळी संध्याकाळी पावणेसहाला आजींचे जेवण झाले, तरी सूर्य मावळायला तासभर असतो, आणि ओटीचे पाणी मागे सरले असेल तर ओल्या वाळूवरून दूरवर चालत जाता येते.