ठासणीच्या बंदुकीचं मोल

रसाळगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत, भाताची कापणी उरकल्यावर, एका शेतकऱ्याने कपाटातून बंदूक काढून पडवीतल्या घोंगडीवर ठेवली. लांब एकनळी, दस्त्याला तेलकट काळेपणा. "पणजोबांची. शिवाजी महाराजांच्या वेळची असं म्हणतात," तो अभिमानाने म्हणाला. शेजारी त्याने परवान्याची पुस्तिका ठेवली. त्यात हत्याराचा प्रकार होता एसबीएमएल, म्हणजे एकनळी ठासणीची. आणि कारण, पीक संरक्षण. खेड तालुक्यात रानडुकरं आणि माकडं शेतात उतरतात, म्हणून अशा बंदुका आजही अनेक घरांत आहेत. निवडणूक आली की त्यांतल्या पुष्कळशा पोलीस ठाण्यात जमा होतात आणि आचारसंहिता संपली की परत येतात.

बंदुकीचं वय ओळखायचं तर आधी बार कसा पेटतो ते बघावं. महाराजांच्या काळातली बंदूक तोड्याची. जळती वात रंजकावर, म्हणजे बत्तीच्या दारूवर, टेकली की बार उडे. पुढे गारगोटीची ठिणगी पाडणारी चकमकीची बंदूक आली. तिसरी केपाची. घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर आपटतो आणि टोपीतला मसाला पेट घेतो. या मसाल्याच्या वापराचं पेटंट अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने 1807 साली घेतलं. टोपी त्याही नंतरची. पडवीतल्या बंदुकीला टोपी बसवायचं निपल होतं. महाराज 1680 साली गेले. घरातली आठवण आणि हे निपल यांत सव्वाशे वर्षांहून अधिक अंतर पडलं.

मग मी घोड्यामागची लोखंडी पट्टी उजेडात धरली. कंपनी सरकारच्या बंदुकीवर याच पट्टीवर खूण असते. आधी हृदयाच्या आकारातली अक्षरं आणि 1808च्या सुमारापासून पुढे मुकुट धरलेला, मागच्या पायांवर उभा सिंह. बर्मिंगहॅमची बंदुकांची परीक्षाशाळा 1813 साली सुरू झाली; तिचा शिक्का नळीच्या बुडाशी सापडतो. इथे सिंह नव्हता, शिक्काही नव्हता. होती ती दोन बुजवलेली भोकं. चकमकीची रंजकवाटी काढून केपाची सोय केली की असे व्रण राहतात. कुण्या लोहाराने जुन्या बंदुकीला दुसरा जन्म दिला होता.

शोभेच्या दुकानांतल्या 'पुरातन' बंदुका पारखायलाही हीच नजर लागते. खरी अक्षरं छिन्नीने कोरलेली असतात, त्यांच्या कडा धारदार असतात. नकलेतली ओतीव, बोथट. नकलेत बत्तीचं भोक पुष्कळदा पाडलेलंच नसतं. पितळेचा झगमगाट जास्त असतो, स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हाची खाच दिसते. दस्ता जिथे गाल आणि हात लागतो तिथेच झिजलेला असावा, सगळीकडे सारखा नव्हे.

स्वस्तातही अस्सल वस्तू मिळते, याचं मोठं उदाहरण शेजारच्या नेपाळचं. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला प्रचंड साठा 2003 साली अमेरिकेतल्या दोन विक्रेत्यांनी घेतला. काजळी-वंगणासकट, आहे तशी बंदूक कमी दरात आणि साफ केलेली जास्त दरात, अशी विक्री झाली. त्यातल्या नेपाळी बनावटीच्या बंदुकांवरच्या खुणा देवनागरीत आहेत. अमेरिकी ग्राहक ज्यांपुढे अडतो, ते आकडे आपलं पोर सहज वाचेल. इंग्लंडच्या बनावटीला भाव जास्त, स्थानिक बनावटीला कमी. तरी कारागिरीचा इतिहास दुसरीत अधिक आहे, असं मला वाटतं.

आपल्याकडे असा उघडा बाजार नाही. 1959च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45नुसार कालबाह्य किंवा पुरातन बंदुकीला सूट मिळते, पण ती दुरुस्त करूनही उडणार नसेल तरच. चालती ठासणी कितीही जुनी असो, परवाना हवाच. परवानाधारक गेला की वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावाने अर्ज करायचा. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की तिला 1972चा पुरावशेष कायदाही लागतो. ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

त्या शेतकऱ्याला मी तीनच गोष्टी सांगितल्या. पॉलिश पेपर लावू नका, जुना तपकिरी रंग गेला की परत येत नाही. बार ठासायचा मूळ गज आणि स्क्रू हरवू देऊ नका. आणि जुन्या पुस्तिका टाकू नका. तो आत गेला आणि पत्र्याच्या डब्यातून आणखी दोन पुस्तिका घेऊन आला, वाळवी लागलेल्या, वडिलांची आणि आजोबांची. नूतनीकरणाचे शिक्के एकाखाली एक उमटलेले. पट्टीवर सिंह नसलेल्या त्या बंदुकीची वंशावळ कागदावर सापडली होती. मी त्याला म्हटलं, हिची किंमत कुणी विचारली तर आधी हा डबा उघडा.