साठ क्रेटची गाडी

क्लचप्लेट जळल्याचा वास एकदा नाकात बसला की लवकर जात नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत कुणी केस जाळावेत तसा काहीसा. ओतूरच्या अलीकडे माझ्या मित्राचं टोमॅटोचं वावर आहे. वावरातून सडकेला लागायला पन्नास-साठ पावलांचा उभा चढ. त्या चढावर त्यांची जुनी लहान गाडी माल भरलेली असताना तीनदा मागे सरकली आणि चौथ्यांदा तो वास सोडत वर गेली. बांधावर टोमॅटो निवडत बसलेली मित्राची आई मान वर न करता म्हणाली, "गेली. दुसरी गेली ही."

दुसरी, म्हणजे या हंगामातली दुसरी क्लचप्लेट.

मी खरं तर दोन दिवस हवापालटाला गेलो होतो, रविवारी निघणार होतो. पण मित्र शोरूमवाल्याशी फोनवर बोलला ते कानावर पडलं आणि मी मुक्काम वाढवला. तो म्हणत होता, "चालवून बघू की. पण रिकामी नाही. आमचे साठ क्रेट भरून." मी आयुष्यात दोन गाड्या घेतल्या. दोन्ही वेळा विक्रेत्याने चौकापर्यंत नेऊन आणलं, एसी लावून दाखवला, आणि मी सही केली. गाडी घेण्याआधी तिच्यावर आपलं ओझं ठेवून बघावं, हे मला सुचलंच नव्हतं.

रात्री ओट्यावर चर्चा बसली. तात्या, म्हणजे मित्राचे वडील, एकाच आकड्यावर अडून होते: पंचवीसशे तेवीस. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसीचं. तात्या तो आकडा गटनंबर सांगावा तसा सांगतात. मित्राच्या हातात मोबाइल. त्याचं मत टाटांच्या इंट्रा व्ही-५० कडे: इंजिन १४९६ सीसी, म्हणजे हजार सीसीने लहान, पण टॉर्क २२० न्यूटन मीटर. बोलेरो पिकअपचा २००. अश्वशक्ती जवळपास सारखीच, एकीची ८० आणि दुसरीची ७५. "लहान इंजिन जास्त ओढतंय, तात्या. हे बघा, कंपनीनं लिहिलंय." तात्यांनी बघितलं नाही.

सीसी म्हणजे काय, ते मला मिस्त्रींनी समजावलं. ते आळेफाट्याजवळ गॅरेज चालवतात आणि या घराच्या प्रत्येक गाडीचं बारसं ते मर्तिक त्यांनीच केलेलं. ओट्याच्या फरशीवर खडूने त्यांनी एक गोल काढला. "ही भोकाची रुंदी, साडेतीन इंच. अन् ही दट्ट्याची धाव, चार इंच. असली चार भोकं. कर हिशोब." मी केला. साडेतीन इंच म्हणजे ८८.९ मिलिमीटर, चार इंच म्हणजे १०१.६. चारही सिलिंडर मिळून बरोबर २५२३ घनसेंटिमीटर. तात्यांनी आयुष्यभर बाळगलेला आकडा खडूच्या गोलातून निघाला, याचा मला उगाचच आनंद झाला. नव्या गाडीच्या पोटात इंचाचा हिशोब अजून जिवंत आहे.

बोलता बोलता छोट्या हत्तीचा विषय निघाला. टाटांची 'एस' २००५ साली आली तेव्हा तिचं इंजिन होतं ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं. इंडिकाच्या १४०५ सीसीच्या इंजिनाचं हे अर्धं रूप. अश्वशक्ती १६. तेवढ्या बळावर तिने गावोगावच्या तीनचाकी टेम्पोंना मागे सारलं. तिची वजनाची मर्यादा पाऊण टन होती, हे मात्र फार थोड्या मालकांनी वाचलं असावं.

मग मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला, "साठ म्हणजे साठच ना?"

"साठच," मित्र म्हणाला.

टोमॅटोच्या क्रेटमध्ये वीस किलो माल बसतो. साठ क्रेट म्हणजे बाराशे किलो. वर रिकाम्या क्रेटचं दीड-दोन किलो प्रत्येकी धरा, की तेराशे होतात. तेराशे किलोला पास असलेली पिकअप मिळते, पंधराशेची मिळते, सतराशेचीही मिळते. मिस्त्रींनी पुन्हा विचारलं, "साठच ना?" मला वाटलं, त्यांना नीट ऐकू येत नसावं.

शनिवारी आधी लहान इंजिनाची गाडी. शोरूमवाला दोन फोननंतर माल भरायला तयार झाला होता. टोमॅटोला भाव नव्हता, म्हणून साठ क्रेट दिवसभर उन्हात फिरवायला कुणाला वाईट वाटलं नाही. भाव असता तर ही परीक्षा झालीच नसती. विक्रेता पोरगा 'लिटरला किती देते' यावर बोलत राहिला. इथे सगळे तेच विचारतात, त्यामुळे त्याला दोष देत नाही. पण भरलेली की रिकामी, घाटात की सपाटीला, हे त्याने सांगितलं नाही.

बनकर फाट्यावरून गणेश खिंडीच्या चढाला मित्राने गाडी घातली आणि ती सुरेख चढली. इंजिनाचा आवाज वर गेला, टर्बोची बारीक शीळ ऐकू आली, आणि तिसऱ्या गिअरमध्ये तिने वळण घेतलं. मित्राने विजयी मुद्रेने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री बाहेर बघत होते. खिंड ओलांडून उतार लागल्यावर मात्र ते सावरून बसले. "आता पाय सगळीकडचा काढ. ब्रेकला पण नाय लावायचा."

मला हे उलटं वाटलं. इंजिन चढासाठी निवडतात ना? मिस्त्री म्हणाले, "यांचा माल जातो कुठं? कल्याणला. म्हणजे माळशेज. जाताना भरलेली अन् उतार. येताना रिकामी अन् चढ. चढाचं काय घेऊन बसला?" ब्रेक तापून सुटले की भरलेल्या गाडीला धरून ठेवायला गिअरमधलं इंजिनच उरतं. साधारणपणे त्याचं पोट जेवढं मोठं तेवढी पकड जास्त. लहान इंजिनाला दुसऱ्या गिअरमध्ये आणावं लागलं, मग तेही नीट धरून राहिलं. मोठं तिसऱ्यातच धरतं का, ते दुपारी बघायचं होतं.

दुपारपर्यंत साठ क्रेट उतरले आणि दुसऱ्या शोरूमच्या गाडीत चढले. ते धाकट्या भावाने एकट्याने चढवले. या सगळ्या निवडीत त्याचं मत कुणी विचारलं नाही, आणि क्रेटला हात फक्त त्याचाच लागला.

मोठ्या इंजिनाची गाडी खिंड चढताना घाई करत नव्हती. सकाळच्या गाडीपेक्षा हळूच चढली, हे तात्यांनीही कबूल केलं. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये, पाय मोकळे सोडून, काटा चाळिशीच्या आसपास राहिला. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त सुपारी काढली.

पण माझ्या लेखी निकाल लागला तो वहिनींमुळे. त्यांच्याकडे कारचं लायसन्स आहे, आणि साडेसात हजार किलोंपर्यंतच्या मालगाडीला तेच चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. हे त्यांना घरात सगळ्यांच्या आधी माहीत होतं. "मी एकदा बघते," म्हणून त्यांनी गाडी घेतली ती थेट वावरात, त्या पन्नास पावलांच्या चढावर. चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबल्या, हॅन्डब्रेक ओढला. मग क्लच हळूहळू सोडला. अॅक्सिलरेटरला पाय लावलाच नाही. गाडी थरथरली, आणि एखादी म्हैस उठावी तशी उठून चालू लागली.

कोणताही वास आला नाही. मी नाक पुढे करून उभाच होतो.

कागदावर लहान इंजिनाचा टॉर्क जास्त, ते खरंच आहे. पण तो १७५० फेऱ्यांपासून मिळतो. मोठ्याचा १४०० पासून. एवढ्याशा फरकात वहिनींचा पाय होता. खालच्या फेऱ्यांत ओढ नसेल तर इंजिन गरगरवून क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो, आणि क्लचप्लेट जळते ती तिथेच. मिस्त्रींचं म्हणणं, यात पहिला गिअर अन् मागचा क्राउन-पिनियनही आला, एकट्या इंजिनाला हार घालू नका. मीही घालत नाही. पण बाजू विचाराल तर माझी त्या संथ, मोठ्या पोटाच्या इंजिनाकडे आहे. मैलाला चार पैसे जास्त खाईल, खाऊ दे.

मिस्त्रींनी तक्रार केली ती दोन्हींबद्दल. एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं, आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी बसली. ती तापली तरच काजळी जाळून मोकळी होते. वावर ते नारायणगाव मार्केट एवढ्याच खेपा केल्या तर ती तापत नाही. "हप्त्याला एक कल्याण झालंच पाहिजे," ते म्हणाले. "माल नसला तरी."

आईंनी गाडीत बसून फक्त एकच गोष्ट मोजली. पुढे ड्रायव्हर धरून तीन माणसं. घरात सहा. "जेजुरीला काय क्रेटवर बसून जायचं?" हौद्यात माणसं बसवायला कायद्याने बंदी आहे, अपघात झाला तर विम्याचे वांधे होतात, हे मित्राने सांगितलं. याच घराण्याची कॅम्पर मिळते, मागे बाक असलेली, पाच जणांची. पण तिच्यात माल एक टनच. साठ क्रेट बसत नाहीत. आई "बरं" म्हणाल्या आणि उतरल्या. गाडीला घरची गाडी म्हणायचं आणि घराला तिच्यात जागा नाही, हे मला तेव्हा खटकलं, अजून खटकतं. त्यावर कुणीच चर्चा केली नाही.

घेतली ती २५२३ सीसीची, तेराशे किलोची. सतराशेची घ्या, असं मिस्त्री दोनदा म्हणाले. तीत पैसे जास्त जात होते, आणि माल तर साठच होता.

दसऱ्याला गाडी दारात आली. झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू. टोमॅटोचा भाव त्या आठवड्यात थोडा सुधारला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली खेप कल्याणला निघाली. वहिनी स्टिअरिंगवर, शेजारी मित्र, तिसऱ्या सीटवर डबा घेऊन आई. धाकट्याने दोर आवळला. मी मागे उभा राहून क्रेट मोजले. बहात्तर होते.