पानाचा ताप मोजणारा तापमापक

मार्चमधल्या भर दुपारी आंबिवलीच्या एखाद्या भेंडीच्या वाफ्यात जा. कोरडी माती हाताला चटका देते; पान मात्र त्या मानाने गार लागते. ऊन तर दोघांवर सारखेच पडते. मग हा फरक का?

उत्तर आपल्या घरच्या माठात आहे. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि आतले पाणी गार होते. पानही हेच करते. मुळांनी शोषलेले पाणी पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. 30° से.च्या सुमारास 1 ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 2,430 ज्यूल उष्णता लागते. जमिनीतील ओल कमी झाली की रंध्रे मिटू लागतात, आणि पान तापते. पुष्कळदा पान मलूल दिसण्यापूर्वीच हे घडते.

हा ताप पानाला न शिवता मोजता येतो. प्रत्येक वस्तू तापमानानुसार अदृश्य अवरक्त किरण बाहेर टाकते. हे किरण विल्यम हर्शेल यांनी 1800 साली सूर्यप्रकाशात शोधले. अवरक्त तापमापक ते गोळा करून त्यांच्या तीव्रतेवरून तापमान दाखवतो.

मात्र नुसता आकडा फसवा असतो. 1977 साली अमेरिकेतील ॲरिझोनात इड्सो, जॅक्सन आणि रेजिनाटो यांनी पानाच्या तापमानातून हवेचे तापमान वजा करून पाणी देण्याची वेळ ठरवण्याची पद्धत मांडली. पुढे 1981 साली तिला हवेच्या आर्द्रतेचीही जोड मिळाली. ती का लागली? पावसाळ्यात माठातले पाणी फारसे गार होत नाही, हे आठवा. सोलापूरच्या कोरड्या हवेत पान जितके गार राहील, तितके आंबिवलीच्या दमट हवेत राहणार नाही. म्हणून परगावचा आकडा इथे चालत नाही.

यावर सोपा उपाय आहे. भेंडीच्या दोन कुंड्या घ्या. एकीला रोज पाणी द्या, दुसरीचे बंद करा. निरभ्र दुपारी एकच्या सुमारास दोन्हींची पाने मोजा. माती टप्प्यात येऊ देऊ नका. कपाळाचा ताप पाहण्याचा तापमापक इथे उपयोगी नाही. वस्तूंचे तापमान दाखवणारा घ्या. त्याचा लाल ठिपका कोणाच्या डोळ्यांवर मारू नका. दोन कुंड्यांतील फरक रोज वहीत लिहा. पाणी भरपूर मिळालेले रोप हीच तुमची मोजपट्टी.

एक सावधगिरी मात्र हवी. मुळे कुजली, तरीही पान तापते. अशा वेळी आणखी पाणी दिले, तर रोप मरेल. डॉक्टर नुसत्या तापावरून औषध देत नाहीत. आपणही पाणी सोडण्यापूर्वी बोटभर माती उकरून ओल पाहावी.