पाच हजार वर्षांचा परतीचा प्रवास

ब्लॅक ॲडम पहिल्यांदा आला आणि त्याच गोष्टीत मेला, हे आजच्या वाचकाला सांगितलं तर पटत नाही. डिसेंबर १९४५ची तारीख असलेल्या ‘मार्व्हल फॅमिली’च्या पहिल्या अंकात ओटो बाइंडरने त्याला लिहिलं, सी. सी. बेकने रेखाटलं आणि शेवटच्या पानांवर दोघांनी मिळून त्याची माती केली. पुन्हा कधी लागला तर म्हणून त्याला राखून ठेवण्याची हाव दोघांनाही नव्हती.

बिली बॅट्सन, म्हातारा जादूगार, ‘शझॅम’ म्हणताच कोसळणारी, पोराचा कॅप्टन मार्व्हल करणारी आणि पुन्हा म्हणताच त्याला पोर करणारी वीज हे सगळं वाचकाला ठाऊकच असणार. ॲडम हा त्याच जादूगाराचा पूर्वीचा लाडका, प्राचीन इजिप्तमधला टेथ-ॲडम. शक्ती मिळाली तसा तो माजला. दिलेली शक्ती काढून घेता येईना, म्हणून जादूगाराने त्याला सर्वांत दूरच्या ताऱ्यावर फेकून दिलं. पठ्ठ्या तिथून उडत निघाला. पृथ्वीवर पोचायला त्याला पाच हजार वर्षं लागली, पण राग काही निवळला नाही.

आता पंचाईत अशी, की बिली, त्याची बहीण मेरी आणि कुबडी घेऊन वर्तमानपत्रं विकणारा किशोरवयीन फ्रेडी या तिघांकडे जी ताकद, तीच ॲडमकडे. बुक्क्यांनी निकाल लागेना. मग डडलीकाका पुढे सरसावतात आणि बोलता बोलता ॲडमच्याच तोंडून तो मंत्र वदवून घेतात. क्षणात वीर गेला, उरला पाच हजार वर्षांचा म्हातारा. त्याचीही धूळ झाली. भस्मासुराची गोष्ट ऐकत वाढलेल्याला इथे हसू आवरत नाही, कारण मोहिनीच्या जागी इथे सुटलेल्या पोटाचे, शक्ती असल्याच्या थापा मारणारे एक लबाड गृहस्थ आहेत. जादूच्या खलनायकाला जादूच्याच नियमात अडकवण्याची ही युक्ती, आणि तीसुद्धा ज्याच्या अंगी कणभर जादू नाही त्याच्या हातून! बाइंडरच्या कारागिरीचा याहून चांगला नमुना प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

या साऱ्याला ‘बालिश’ आणि ‘सुपरमॅनची नक्कल’ म्हणून मोडीत काढणारे जाणकार आपल्याकडेही आहेत. त्यांनी मूळ अंक चाळले असतील का, याची शंका येते. सुपरमॅन हा मोठ्या माणसाचं सोंग घेणारा मोठाच माणूस. बिली मात्र पोरका, भुयारी रेल्वेच्या स्थानकात झोपणारा पोरगा. वाचणाऱ्या मुलाला त्याच्या जागी स्वतःला बसवता येत होतं, म्हणून तर १९४४ साली ‘कॅप्टन मार्व्हल ॲडव्हेंचर्स’च्या सुमारे १ कोटी ४० लाख प्रती खपल्या. नकलेचा दावा सुपरमॅनच्या मालकांनी १९४१ मध्ये लावला, आणि १९५३ मध्ये बिलीचे अंक काढणाऱ्या फॉसेट कंपनीने ४ लाख डॉलर भरून दुकान आवरलं.

पुढची वीस वर्षं उरकून टाकण्याजोगी. इंग्लंडमध्ये १९५४ साली निघालेला ‘मार्व्हलमॅन’ हा बिलीचाच सावत्र भाऊ, एवढी नोंद पुरे. मग १९७३ मध्ये दावा लावणाऱ्यांनीच, म्हणजे डीसीने, परवाना घेऊन बिलीला पुन्हा उभं केलं. कॅप्टन मार्व्हल हे नाव तोवर दुसऱ्याच कंपनीने पटकावलं होतं, म्हणून मासिकाचं नाव ‘शझॅम!’. चित्रांसाठी बेक परतले खरे, पण गोष्टींवरून खटके उडाले आणि दहा अंकांनंतर ते बाहेर पडले.

ई. नेल्सन ब्रिडवेल या माणसाची आठवण मात्र कोणी काढत नाही. फॉसेटचे जुने अंक त्याला तोंडपाठ होते. १९७७ साली ‘शझॅम!’च्या २८व्या अंकात त्याने बिलीचा वैरी डॉ. सिव्हाना याच्या यंत्रातून ॲडमला उठवलं. बत्तीस वर्षांपूर्वी एकदाच दिसलेला खलनायक त्याच कपड्यांत, त्याच गुर्मीत. आपल्याकडे ‘इंद्रजाल’ कॉमिक्समधला वेताळ आणि मँड्रेक यांच्यावर पोसलेल्या पिढीला बिली भेटला तो मुंबईत फोर्टच्या पदपथावरच्या रद्दीत, कधी मुखपृष्ठ फाटलेला, कधी मधली पानं गायब झालेला. रद्दीतल्या त्या थप्प्या गेल्या आणि असं अवचित काही हाती लागण्याची मजाही गेली.

१९९४ मध्ये जेरी ऑर्डवेने सगळी कथा नव्याने आणि निगुतीने रचली. पण १९९९ पासूनच्या ‘जेएसए’ मालिकेत ॲडम नायकांच्या पंक्तीला बसला. २००६-०७ मधल्या ‘५२’ या साप्ताहिक मालिकेत त्याला बायको मिळाली, ती मारली गेली आणि सूडापायी त्याने एक अख्खा देश बेचिराख केला. यालाच खलनायकाला ‘खोली’ येणं म्हणतात म्हणे! एक खरं, की शेवटी बिलीने त्याचा मंत्रच बदलून टाकला; तेवढ्यापुरता बाइंडर जिवंत होता.

२०१२-१३ मध्ये जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांनी बिलीला पंधराएक वर्षांचा, तोंडाळ, कोणावर विश्वास न ठेवणारा पोरगा केला. सनातनी वाचक खवळले. प्रस्तुत लेखकाला तो बिली आवडला, कारण लढाई रेटेनाशी झाल्यावर तो ॲडमला डिवचून साध्या माणसाच्या रूपात यायला लावतो, आणि ॲडमची पुन्हा धूळ होते.

पडद्यावर एवढंही नशिबी नव्हतं. २०१९च्या ‘शझॅम!’मध्ये बिलीसमोर सिव्हाना आणि २०२३च्या दुसऱ्या भागात ॲटलसच्या मुली. मधल्या २०२२ साली ड्वेन जॉन्सन ब्लॅक ॲडम झाला, आणि त्या चित्रपटात बिली एकाही दृश्यात नाही. चार वर्षांत तीन चित्रपट निघाले, पण ही जोडी एकदाही समोरासमोर आली नाही.