गॉसिप : कुजबुजीच्या आधीचं नातं

‘गॉसिप’ शब्दाची एक गोष्ट वरचेवर सांगितली जाते. म्हणे, राजकारणी आपल्या माणसांना गुत्त्यावर धाडत : ‘गो, सिप’, जा, घोट घोट पीत बसा आणि लोक काय बोलतात ते ऐकून या. ही गोष्ट निखालस खोटी आहे. आपल्या ‘गप्पां’शीही या शब्दाचं नातं नाही; गप्पा फारसी ‘गप’वरून आल्या. भारतातल्या इंग्रजांनी उलट तोच ‘गप’ उचलला, आणि १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची नोंद आहे.

जुन्या इंग्रजीत मूळ शब्द होता ‘गॉडसिब’. गॉड म्हणजे देव, सिब म्हणजे नात्यातलं माणूस. ‘सिब्लिंग’मधला सिब हाच. मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणून जे उभे राहत, ते त्याच्या आईबापांचे गॉडसिब होत. हे नातं चर्चने इतकं खरं मानलं, की अशा दोघांत लग्नही निषिद्ध ठरलं. यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांनी १०१४च्या सुमारास केलेल्या प्रवचनात हा शब्द येतो तो आक्रोशात : देशभर कितीतरी गॉडसिब आणि धर्मपुत्र मारले गेले! इतक्या जड दुःखाचा हा शब्द.

तो मुळात बायकांसाठीच होता, हाही गैरसमज. पुरुषही गॉडसिब असत. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’च्या शेवटी ताटातूट झालेलं कुटुंब एकत्र येतं, तेव्हा आई जणू मुलं आत्ताच जन्मली अशा भावनेनं सगळ्यांना गॉसिपांच्या मेजवानीला बोलावते. ते आमंत्रण मनापासून स्वीकारतो तो ड्यूक.

मग हा शब्द घसरला कुठे? बाळंतिणीच्या खोलीत. तिथे सुईणीबरोबर शेजारणी, मैत्रिणी, नातलग बायका जमत. त्यांनाच गॉसिप म्हणू लागले. जिवावरच्या प्रसंगात त्या एकमेकींना धीर देत. दार लावलेलं, पुरुषांना मज्जाव. आत काय बोलणं चालतं, हे बाहेरच्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, आणि मला हा त्या बायकांवर झालेला अन्याय वाटतो. डॉ. जॉन्सनच्या १७५५च्या कोशात धर्मपालक, पिण्यातला सोबती आणि बाळंतघरातल्या बायकांसारखी चहाड्या करत हिंडणारी व्यक्ती, असे तिन्ही अर्थ एकाखाली एक दिलेले आहेत. तिथेही गॉसिप म्हणजे माणूसच. नुसत्या बोलण्याला ते नाव पडलं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला.